एकशे एकसष्ट वजा एकशे एकसष्ट

१

दुपारी दीडच्या सुमाराला काष्टीच्या त्या गल्लीत एकच आवाज असे. मनकर्णाबाईंच्या पाटीवर चालणाऱ्या पेन्सिलीचा.

साल त्र्याहत्तर. दुष्काळानं गाव निम्मं रिकामं केलं होतं. कोणी खडी फोडायला गेलं, कोणी जनावरं घेऊन छावणीवर. शेजारच्या घराला माघापासून कुलूप होतं. शाळा सकाळची. पटावर एक्केचाळीस नावं, पण हजेरीला सोळा-सतरा पोरं. त्यांना सुकडीचा सरकारी खाऊ वाटून झाला की ती पांगायची, आणि मनकर्णा कडक उन्हातून चालत आपल्या दोन खोल्यांच्या घरी यायची. तिची वाट पाहणारं तिथं कोणी नव्हतं. लग्न झालं होतं एकेकाळी. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ती भावाच्या घरी परत आली. भावानं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातली. आता भाऊही नव्हता.

भाकरी खाऊन झाली की ती पाटी घेऊन बसे. तिला एखादी मोठी संख्या लागे. एस्टीच्या तिकिटावरचा नंबर, मतदारयादीतले आकडे, काहीही चाले. ती संख्या कशानं कशानं भागली जाते ते काढत बसायचं. दोननं, तीननं, पाचनं, सातनं, असं पायरीपायरीनं वर चढत जायचं. संख्या फुटली की तिचे तुकडे मांडायचे, नाही फुटली तर तसं लिहून ठेवायचं. कुणी भरतकाम करतं, कुणी पोथी वाचतं. मनकर्णा संख्या फोडायची.

आणि या छंदात तिला एक जोडीदारीण होती. चांगुणा. दोघी नगरला ट्रेनिंगला एका खोलीत राहिल्या होत्या. चांगुणा विसाव्या वर्षी विधवा झालेली, आता डोंगरात राजूरच्या शाळेत शिक्षिका. चौदा वर्षं दोघींचा एक खेळ चालू होता. एकीनं पोस्टकार्डावर संख्या पाठवायची, दुसरीनं ती कोणत्या जातीची ते शोधून कळवायचं. पुस्तकातली नावं त्यांना कोरडी वाटत, म्हणून दोघींनी आपली नावं पाडली होती. साठ, तीनशे साठ यांसारखी जिच्यात खूप संख्या सामावतात ती लेकुरवाळी. अठ्ठावीससारखी, जिच्यात सामावणाऱ्या सगळ्यांची बेरीज केली की पुन्हा तीच येते, ती समाधानी. आणि सत्त्याण्णवसारखी, जी कशानंच भागली जात नाही, तिचं नाव एकटी.

"या वेळची तुझी संख्या एकटी निघाली," असं मनकर्णा लिहायची. खाली चांगुणाचं उत्तर यायचं, "आपल्यात तिसरी आली म्हणायची."

२

फाल्गुनात चांगुणाचं कार्ड आलं. एरवी तिच्या कार्डावर संख्येखाली चार ओळी असत. डोंगरातला गारठा, शाळेचं गळकं छप्पर, घरमालकीण बनुबाईच्या कोंबड्या. शेवटी ठरलेला शब्द, "सोडव." या खेपेला फक्त संख्या होती.

२९०९९०७१.

आणि खाली, जोरात दाबून लिहिलेलं, "सोड."

घाईत 'व' राहिला असेल, असं मनकर्णाला वाटलं. तिनं पाटी पुसली.

दोननं भागलं, एक उरला. तीननं भागलं, एक. पाचनं, एक. सातनंही एकच उरला, तेव्हा तिला हसू आलं. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. दर वेळी बाकी एक. चांगुणाची युक्ती तिच्या लक्षात आली. या आठही संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची तिप्पट करायची आणि वर एक मिळवायचा. मग कशानंही भागा, तो वरचा एक उरणारच. तिनं गुणाकार करून पाहिला. शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद. त्याची तिप्पट आणि वर एक. बरोबर कार्डावरचीच संख्या.

"लबाड कुठली," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज जरा चमत्कारिक वाटला.

आता तेवीस. युक्ती एकोणीसपर्यंतच होती, तेव्हा इथं बाकी वेगळी यायला हवी. तिनं भागाकार मांडला. एकेक अंक खाली उतरवत शेवटच्या पायरीला आली. तेवीस साती एकशे एकसष्ट. रेघ मारली.

बाकी एक.

मनकर्णाची पेन्सिल थांबली.

हे होऊ शकत नव्हतं. आवडत नाही म्हणून नव्हे; कधीच होऊ शकत नाही, अशा अर्थानं. दोनपासून तेवीसपर्यंत सगळ्यांनी भागून जर एकच उरत असेल, तर त्यातला एक काढल्यावर राहिलेली संख्या या सगळ्यांनी भागली गेली पाहिजे. अशी सर्वांत लहान संख्या म्हणजे त्या नऊ जणींचा गुणाकार. तिनं तो केला. बावीस कोटी तीस लाख ब्याण्णव हजार आठशे सत्तर. आणि कार्डावर होते जेमतेम दोन कोटी नव्वद लाख. बावीस कोटींची वस्तू तीन कोटींच्या आत मावत नाही. वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही हे पटवता आलं असतं.

तिनं पाटी पुसली आणि पुन्हा भागलं. एक. कागदावर शाईनं भागलं. एक.

बाहेर ऊन पांढरंफटक झालं होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मनकर्णानं कार्ड उलटं करून ठेवलं, तरी तिची नजर त्यावरच जात राहिली.

३

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुख्याध्यापकांपुढं जाऊन उभी राहिली. रंगनाथ गुरुजी निवृत्तीला आलेले, सरळ मनाचे. बाई आपण होऊन बोलायला आल्या याचंच त्यांना नवल वाटलं.

"गुरुजी, एवढा भागाकार करून दाखवता का? तेवीसनं."

"परीक्षा घेता का काय आमची?" असं म्हणत त्यांनी खडू घेतला. फळ्यावर पाढा पुटपुटत भागत गेले. "तेवीस साती एकशे एकसष्ट. हे घ्या. शून्य. पूर्ण भाग गेला की."

मनकर्णा फळ्याकडं बघत राहिली. बाकी एक नाही, दुसरी कुठलीही नाही, चक्क शून्य. म्हणजे संख्या तेवीसनं सरळ फुटत होती. त्यांच्या देखत तिनं शेजारी स्वतः भागाकार केला. तिलाही शून्यच आलं.

"काल मला तीनदा एक आला," तिनं शाईचा कागद पुढं केला.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला. आधी हसले. मग हसू जरा मावळलं.

"बाई, सगळं बरोबर आहे हो. शेवटच्या पायरीपर्यंत. पण हे बघा." त्यांनी नखानं खूण केली. "एकशे एकसष्ट. त्याच्याखाली पुन्हा एकशे एकसष्टच लिहिलेत. त्यातून ते गेले. मग एक कसा उरेल?"

कागदावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. १६१. खाली १६१. रेघ. खाली १.

काल तिनं हे तीनदा पाहिलं होतं. बावीस कोटींचा गुणाकार केला, अशक्य आहे म्हणून घाबरली, सगळं तपासलं. आणि पहिलीतलं पोरही चुकणार नाही अशी ही वजाबाकी तिच्या डोळ्यांपुढं होती, ती मात्र तिला दिसली नव्हती. दिसली नव्हती असंही नाही. दिसली होती, आणि बरोबर वाटली होती.

"थकवा आहे," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "वेळेवर जेवत जा. एकटं माणूस जेवणाची आबाळ करतं. आमच्याकडं येत जा कधी संध्याकाळी. आमची मंडळी सारखी विचारतात, बाई का येत नाहीत म्हणून."

"येईन," मनकर्णा म्हणाली. दर वेळी ती असंच म्हणत असे.

जाताना तिनं वाटेत पोस्टात कार्ड टाकलं. 'फुटली. तेवीस.' पाय हलके झाले होते. आपण चुकलो याचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

४

घरी आल्यावर तिनं पाटी घ्यायला नको होती.

पण घेतली. या खेपेला डोळे उघडे ठेवून, सावकाश. शेवटच्या पायरीला एकशे एकसष्ट आले. त्याखाली एकशे एकसष्ट लिहिले. रेघ मारली. शून्य, ती मोठ्यानं म्हणाली, आणि शून्य काढायला पेन्सिल टेकवली. पेन्सिल वळली नाही. सरळ खाली आली. हातावर कोणी जोर केला नव्हता, हात थरथरला नव्हता. इतक्या सहज, जणू आपलं नाव लिहावं तसा तिनं एक लिहिला होता.

तिनं पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि पाणी प्यायला उठली. पेला घटाघटा रिकामा केला. खाली ठेवताना पाहिलं तर तळाशी घोटभर पाणी होतं. प्यायचं राहिलं असेल. ती प्याली. पेला पुन्हा पाहिला नाही.

त्या आठवड्यात असं बारीकसारीक होत राहिलं. एकच भाकरी थापून खाल्ली, आणि संध्याकाळी टोपली उचलली तर खाली भाकरी. सकाळी दोन थापल्या असतील, दुष्काळात रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीचा काही भरवसा नाही, मन ताळ्यावर नाही. दोरीवरचं एकच धुतलेलं लुगडं काढून त्याची घडी केली, वळून पाहिलं तर दोरीवर लुगडं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं उत्तर होतं. मात्र अशी उत्तरं शोधावी लागत होती, हे तिला नीट कळत होतं.

शाळेत असं काही होत नसे. सुकडी सतरा वाट्या वाटल्या की सतरा संपत. पोरांच्या गलक्यात सगळं सरळ चालायचं. हे व्हायचं ते ती एकटी असतानाच.

शनिवारी ती सकाळी दाराला कुलूप लावून निघाली. चावडीपर्यंत गेल्यावर आठवलं, हजेरीपट घरी राहिला. परत फिरली. गल्ली नेहमीसारखी ओस होती. दारापाशी आली आणि कुलपात किल्ली घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

पाटीवर पेन्सिल चालत होती.

उंदीर असेल, असं मनात आलं आणि गेलं. अंक कसे लिहिले जातात, ते मनकर्णाला आवाजावरून कळायचं. वीस वर्षं पोरांकडं पाठ करून तिनं तो आवाज ऐकला होता. आत एक अंक लिहिला जात होता. थांबणं. मग पुन्हा एक. मग आडवी लांब रेघ.

आणि मग एकच छोटा उभा ओरखडा.

ती किती वेळ उभी राहिली तिला कळलं नाही. शेवटी तिनं मुद्दाम खाकरून, किल्ली वाजवून कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. खिडकी आतून बंद. पाटी भिंतीशी होती, पण तोंड आता खोलीकडं. खाली अंथरलेलं तरट तिनं हातानं चाचपलं. बसल्या माणसाच्या अंगाची ऊब त्यात होती.

या घरात माणूस एक. मनकर्णा मनाशी म्हणाली. एकातून एक बाहेर गेला.

पुढची वजाबाकी तिनं केली नाही. हजेरीपट उचलला, शाळेत जाऊन रंगनाथ गुरुजींकडं आठ दिवसांची रजा मागितली, आणि घरी न परतता अंगावरच्या लुगड्यानिशी नगरची एस्टी पकडली.

५

नगरला तिनं रात्र धर्मशाळेत बायकांच्या घोळक्यात काढली. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी घेतली. कोल्हारला प्रवरेचा पूल लागला, नदीत वाळूच वाळू होती. संगमनेरला गाडी बदलली. अकोल्याच्या पुढं डोंगर सुरू झाले तशी हवा बदलली. राजूरला उतरली तेव्हा सूर्य माथ्यावरून जेमतेम ढळला होता.

बनुबाईचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात कोंबड्या होत्या, चांगुणाच्या कार्डातल्याच. बनुबाई सुपात नागली पाखडत बसली होती.

"चांगुणाबाई आहेत का?"

"बाई? बाई गेल्या की. आज धा दिस झालं." बनुबाईनं सूप खाली ठेवलं. "म्या सोता त्यांची ट्रंक एस्टीवर चढवली. मैत्रिनीकडं चालले म्हनल्या, काष्टीला. तुमी कुठल्या?"

"मी काष्टीचीच. ती मैत्रीण मीच. पण ती माझ्याकडं आली नाही."

बनुबाईनं मनकर्णाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक इचारू का बाई? तुमी शिकल्या-सवरल्या हायेत."

"विचारा."

"कुलूप म्या लावलंय. किल्ली ही बघा, माज्या कनवटीला. पर खोलीत पाटी वाजती."

मनकर्णानं तांब्या खाली ठेवला. "उंदीर असेल," तिचं तिलाच ऐकू आलं.

"उंदराला येवढा दम निगत न्हाई. लिवतंय. थांबतंय. पुसतंय. फिरून लिवतंय. बाई हुत्या तवाच्या वानीच." बनुबाईनं किल्ली सोडवली. "माजा एकलीचा धीर झाला न्हाई. तुमी हायेत तर काडू का कुलूप?"

"थांबा," मनकर्णा म्हणाली. "आधी मी बघते."

खोली परसाकडं होती. दाराला मोठं लोखंडी कुलूप, कडी गंजलेली. शेजारच्या लाकडी झडपेला बोटभर फट होती. आतून आवाज येत होता, संथ आणि जुना, ओळखीचा. मनकर्णानं भिंतीवर तळहात टेकले आणि फटीला डोळा लावला.

आत कौलातून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. त्या पट्ट्याच्या अलीकडं, पाठमोरं कोणीतरी बसलं होतं. निळं लुगडं. डोक्यावरचा पदर खाली घसरलेला, आणि मानेवर ती पातळ, अर्धी पांढरी वेणी. चांगुणा लिहिताना डावा खांदा जरा वर उचलायची, ट्रेनिंगला असल्यापासूनची सवय. तो खांदा तसाच वर होता. हाताचं कोपर एका लयीत हलत होतं.

"चांगुणा," मनकर्णानं हाक मारली. ती मारायची नव्हती. तोंडातून निघून गेली.

कोपर थांबलं. पेन्सिल पाटीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती मान सावकाश वळू लागली. आधी कान दिसला, मग गालाची कड. त्या गालावर हसू फुटत होतं. कोणी ओळखीचं आल्यावर फुटावं तसं, आनंदाचं.

मनकर्णा फटीपासून मागं झाली. बनुबाईच्या हातातली किल्ली तिनं मुठीत दाबून धरली आणि एवढंच म्हणाली, "नका काढू. तुम्हाला माझी शपथ आहे."

६

परतीची गाडी कोल्हारला चहासाठी थांबली. मनकर्णा खाली उतरली नाही. खिडकीच्या गजावर कोणीतरी हात ठेवला आणि गाडीबाहेरून म्हणालं, "मनू."

खाली चांगुणा उभी होती. पत्र्याची ट्रंक पायाशी. चेहरा ओढलेला, ओठ फुटलेले. मनकर्णानं आधी तिच्या हाताला हात लावून पाहिला. मग धडपडत उतरली.

"सकाळी तुला वर जाताना पाहिलं," चांगुणा म्हणाली. "हाक मारली, पण गाडी निघाली होती. मग बसून राहिले. परत येशील तर याच रस्त्यानं."

"दहा दिवस झाले तुला निघून! कुठं होतीस?"

"इथंच. देवीच्या देवळात. तुझ्याकडंच यायला निघाले होते. इथवर आले आणि वाटलं, मी आले तर माझ्याबरोबर तेही येईल. म्हणून पुढं पाऊल उचललं नाही. मागं जायचं तर प्रश्नच नव्हता." ती ट्रंकेवर बसली. "तू संख्या सोडवलीस?"

"तूच लिहिलंस ना तसं."

"मी 'सोड' लिहिलं होतं, मनू. सोडव नव्हतं लिहिलं."

चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले. दोघींनी ते उचलले नाहीत.

"मग पाठवलीसच कशाला?" शेवटी मनकर्णानं विचारलं.

चांगुणानं मान खाली घातली. "सहज गंमत म्हणून मांडली होती. मग ती फुटेना. महिनाभर फुटेना. खोलीत काय काय व्हायला लागलं. मला वाटलं, तुझ्या हातानं तरी फुटेल. कार्ड लिहून झालं, आणि मग भीती वाटली. पण तोवर हातानं आकडे लिहिले होते आणि दुसरं कार्ड जवळ नव्हतं. म्हणून खाली तेवढं लिहिलं. मी तुझ्यावर ढकललं, मनू. एवढं खरं आहे."

कंडक्टरनं घंटी मारली. मनकर्णानं ट्रंकेची एक कडी धरली. "दुसरी तू धर," ती म्हणाली.

७

दोघी नगरला राहिल्या. कापडबाजाराच्या मागं एक खोली मिळाली. चांगुणाला एका शिवणवर्गात काम मिळालं, मनकर्णाला बालवाडीत. तिथं दहाच्या पुढं मोजायची वेळ येत नसे. खोलीत त्यांनी पाटी ठेवली नाही. एकीला कुठं जायचं असलं तर दुसरी बरोबर जाई. खोली एकटीच्या ताब्यात द्यायची नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं. पेला रिकामा केला की रिकामाच राहायचा.

पहिल्याच आठवड्यात मनकर्णानं शाळेला राजीनामा पाठवला होता. तब्येतीचं कारण दिलं होतं, वर नगरचा पत्ता. उत्तर आलं नाही. तिनं मनाशी कबूल केलं नव्हतं, पण ती वाट पाहत होती. गुरुजी लिहितील, बाई परत या. पोरं आठवण काढतात असं लिहितील. एवढ्या वर्षांत कोणाला तरी आपली उणीव भासेल.

आषाढात पत्र आलं. पाकिटावर मनकर्णाचं नाव नव्हतं, नुसता पत्ता होता. अक्षर रंगनाथ गुरुजींचं.

'जे कोणी असाल ते, यांस. आमच्या शाळेतील शिक्षिका मनकर्णाबाई यांच्या नावे आपण राजीनामा पाठवलात. अक्षर हुबेहूब उतरवले आहे. परंतु बाई शाळेत रोज हजर आहेत. रजा मागून गेल्या, त्या सोमवारीच परत कामावर रुजू झाल्या. आपले पत्र मी त्यांनाच दाखवले. त्या हसल्या आणि सोडून द्या म्हणाल्या, म्हणून इतके दिवस उत्तर दिले नाही. पूर्वी त्या फारशा कोणात मिसळत नसत. अलीकडे संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतात, मंडळींबरोबर गप्पा मारतात, गावातल्या मुली त्यांच्याभोवती असतात. अशा सज्जन बाईची थट्टा करणे शोभत नाही. पुन्हा असे केल्यास पोलिसांत कळवावे लागेल.'

मनकर्णानं पत्र दोनदा वाचलं आणि चांगुणाकडं दिलं. चांगुणानं वाचून ते मांडीवर ठेवलं.

"तुला सांगितलं नव्हतं," मग ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तुला शेजारणीकडं थांबवून शिवणवर्गाची सहल म्हणून गेले होते ना, ती सहल नव्हती. मी राजूरला गेले होते. एकदा बघून यावं म्हणून."

"चांगुणा!"

"दाराला कुलूप नव्हतं. बनुबाई अंगणात होती. मी समोर जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं त्या घरात राहिले मी. ती माझ्याकडं बघून म्हणाली, 'कोन पायजे?' मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, कोण आलंय गं म्हणून. माझाच आवाज. मी तशीच मागं फिरले."

मनकर्णा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. काष्टीची ती दोन खोल्यांची जागा, संध्याकाळचा तो रस्ता, गुरुजींच्या घराची ओसरी. तिथं ती कधी गेली नव्हती. येईन म्हणायची आणि जायची नाही.

"तू आत पाहिलंस?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"दारातून. जरासं."

"कशी होती गं? सुखात होती?"

चांगुणानं पत्राची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"तिच्याकडं माणसं जेवायला बसली होती," ती म्हणाली.